१५ वर्षांच्या मुलीला मानसोपचारासाठी ॲडमिट करायचंय, पण ठेवायचं कुठे? (नाशिक)

सिडकोची_मावशी

नमस्कार, नाशिकचे कोणी असतील तर प्लीज सविस्तर सांगा. माझी भाची १५ वर्षांची, यंदा दहावीला. दिवाळीनंतर तिचं शाळेत जाणं हळूहळू बंदच झालं, आधी पोट दुखतं म्हणायची, मग डोकं, मग काहीच सांगायची नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून. जेवण म्हणजे दोन घास, तेही ताई समोर बसली तर. गेल्या आठवड्यात तिच्या गणिताच्या वहीत मागच्या पानावर जे लिहिलेलं सापडलं ते इथे लिहीत नाही, समजून घ्या. कॉलेज रोडला एका मानसोपचारतज्ज्ञांना दाखवलं. डॉक्टर चांगले वाटले, ताईला बाहेर बसवून आधी तिच्याशी एकटीशी बोलले आणि मग म्हणाले थोडे दिवस ॲडमिट केलेलं बरं, घरी चोवीस तास लक्ष ठेवणं तुम्हाला झेपणार नाही.

इथपर्यंत ठीक. पुढे काय तर लहान मुलांच्या एका हॉस्पिटलात विचारलं, ते म्हणे आमच्याकडे १४ पर्यंतच घेतात आणि तसंही मानसिकचं पेशंट आम्ही ठेवत नाही. मग मानसोपचाराच्या एका हॉस्पिटलात गेलो तर तिथे बायकांचा एकच हॉल, पंचविशीपासून साठीपर्यंतच्या सगळ्या एकत्र, एक बाई सारखी दार वाजवत होती, समोरच्याच पॅसेजला दारू सोडवायला आलेल्यांचा वॉर्ड, आणि रिसेप्शनवर सांगितलं की रात्री नातेवाईक थांबलेले चालत नाहीत, संध्याकाळी ५ ते ६ भेटायचं. पोरगी हे सगळं माझ्या शेजारी उभी राहून बघत होती हो. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाली, "मी वेडी आहे का?"

दाजी सातपूरला कंपनीत शिफ्टला असतात, त्यांचं म्हणणं ॲडमिटच करायचं नाही, उद्या शाळेत कळलं तर, लग्नाच्या वेळी कळलं तर. ताईला काही सुचत नाहीये. या वयाच्या मुलांना नक्की कुठे ठेवतात? ना धड लहान मुलांत ना मोठ्यांत. काही नियम असतो का की ज्याला जसं वाटेल तसं?

निवृत्त_सिस्टर

ताई, मी मानसोपचार वॉर्डात बरीच वर्षं नोकरी केली आहे, नाशिकात नाही पण महाराष्ट्रातच. नियम आहे, आणि चांगला स्पष्ट आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा, लागू झाला मे २०१८ मध्ये, त्यातलं कलम ८७ फक्त १८ च्या आतल्या मुलांच्या ॲडमिशनसाठीच आहे. त्यात लिहिलंय की अशा मुलाला मोठ्या पेशंटपासून वेगळं ठेवायचं, त्याच्या वयाला आणि वाढीला साजेसं वातावरण द्यायचं, आणि ते निदान इतर आजारांसाठी ॲडमिट झालेल्या मुलांना जसं मिळतं तेवढं तरी चांगलं असलं पाहिजे. म्हणजे तुम्ही बघून आलात तो हॉल तुमच्या भाचीसाठी नाहीच.

दुसरं, रात्री नातेवाईक नको हे तर उलटंच झालं. कायदा म्हणतो की पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने ॲडमिशनचा पूर्ण काळ मुलाजवळ थांबायचंच, "सर्व परिस्थितीत" असा शब्द आहे. मुलगी असेल आणि पालक म्हणून सही करणारे वडील असतील तर थांबायला बाईमाणूस लागतं. तुम्ही मावशी थांबलात तरी चालेल, ताईंनी तसं लिहून द्यायचं. हॉस्पिटलवाले मेहरबानी करत नाहीयेत हे लक्षात ठेवून बोला, पण भांडू नका, काउंटरवरच्या मुलीला हे कोणी शिकवलेलंच नसतं बऱ्याचदा. सरळ मुख्य डॉक्टरांना भेटा.

ॲडमिट करण्याआधी दोन जणांनी वेगवेगळं तपासायला लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ हवाच, आणि ती तपासणी त्याच दिवशीची किंवा आधीच्या ७ दिवसांतली हवी. ७२ तासांत पुनर्विलोकन मंडळाला (याच कायद्याखालचं, अशा ॲडमिशनवर लक्ष ठेवणारं मंडळ) कळवायचं असतं, ते काम हॉस्पिटलचं, तुमचं नाही. ३० दिवसांच्या वर गेलं तर मंडळ पुन्हा बघतं. आणि पालकांनी मधेच सांगितलं की आता नको, तर डिस्चार्ज द्यावा लागतो. दाजींना हे वाचून दाखवा, त्यांना बहुतेक वाटत असेल एकदा आत गेली की आपल्या हातात काही नाही.

जुन्या काळी आमच्याकडे १३ वर्षांची मुलगी बायकांच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर ठेवायचो, खाट सिस्टरच्या टेबलाजवळ ओढून घ्यायची एवढीच काय ती सोय. रात्री आमच्या वॉर्डातल्या आया-मावशी तिच्या खाटेला टेकून बसायच्या. कायदा आला तेव्हा आम्हाला बरं वाटलं पण वेगळी खोली कुठून आणणार हा प्रश्न तसाच राहिला, ते पण खरं सांगते.

रोखठोक_नाशिककर

मोबाईल काढून घ्या आणि पहाटे ५ ला उठवून गोदाघाटावर पळायला न्या, महिन्यात सरळ होईल. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. डॉक्टर लोकांना बेड भरायचेत.

मुंबईतली_रेसिडेंट

@रोखठोक, तुमच्या वेळी पण होतं, फक्त त्याला शाळा सोडली, घरातून पळाला, विहिरीवर गेली असं म्हणायचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयातल्या ७.३ टक्के मुलांना काही ना काही मानसिक आजार निघाला होता. वर्गात ६० मुलं धरा आणि करा हिशोब. असो.

मावशी, मी मूळची नाशिक रोडची, सध्या मुंबईत सायकियाट्रीत पीजी करतेय. सिस्टरनी कायद्याचं अगदी बरोबर सांगितलंय, मी बाकीचं सांगते. आधी हे की बहुतेक मुलांना ॲडमिट करायची गरज पडतच नाही, ओपीडी, समुपदेशन आणि लागल्यास गोळ्या यावर भागतं, आणि कायदाही तेच म्हणतो की बाहेरून उपचार जमत नाही असं दिसलं तरच ॲडमिट. पण खाणं बंद झालंय, वहीत तसलं लिहिलंय आणि घरात लक्ष ठेवायला माणूस नाही, या तीन गोष्टी एकत्र असतील तर तुमच्या डॉक्टरांनी उगाच सांगितलेलं नाही. पाठवणारे डॉक्टर आणि ठेवणारं हॉस्पिटल वेगळं असेल तर त्यांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा, नुसत्या चिठ्ठीवर जाऊ नका.

वयाचं म्हणाल तर हा घोळ सगळीकडेच आहे. बालरोग वॉर्ड कुठे १२ ला थांबतो कुठे १४ ला, कायद्याने मूल मात्र १८ पर्यंत, आणि मधल्या वयासाठी वेगळा वॉर्ड असलेली ठिकाणं अख्ख्या देशात थोडी. त्यामुळे जिथे वेगळा वॉर्ड नाही तिथे व्यवहारात दोनच रस्ते उरतात. एक, मानसोपचार हॉस्पिटलात वेगळी खोली आणि सोबत घरचं माणूस. दुसरा, मोठ्या जनरल हॉस्पिटलात वेगळ्या खोलीत ठेवायचं आणि मानसोपचारतज्ज्ञ रोज राउंडला येणार. तुमच्या भाचीचं खाणं बंद आहे म्हणजे रक्त, सोडियम-पोटॅशियम वगैरे बघावं लागेल, त्यामुळे मला तरी दुसरा रस्ता बरा वाटतो. फक्त विचारून घ्या की खोली कुठल्या मजल्यावर, खिडकीला जाळी आहे का, रात्री सिस्टर किती वेळाने येऊन बघतात.

गोळ्यांबद्दल घरी कोणीतरी गूगल करून घाबरवणारच आहे म्हणून आधीच सांगते. डिप्रेशनच्या गोळ्या लहान वयात सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काही मुलांमध्ये अस्वस्थपणा आणि जिवाचे विचार वाढू शकतात, अमेरिकेच्या एफडीएने २००४ मध्ये तसा ठळक इशारा छापायला लावला. याचा अर्थ गोळ्या घ्यायच्या नाहीत असा नाही, सुरुवातीला जवळून बघायचं आणि दर आठवड्याला दाखवायचं असा आहे. आणि आपल्या मनाने एकदम बंद तर अजिबात करायच्या नाहीत. शॉकचं कोणी काढलं तर, १८ खालच्यांना ईसीटी म्हणजे विजेचा शॉक देणं एरवी कायद्याने बंद आहे, मानसोपचारतज्ज्ञांना अगदीच गरज वाटली तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी लागते, म्हणजे कोणी गुपचूप देऊच शकत नाही.

अजून एक, डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलले ते चांगलंच केलं, ताईंनी बाहेर आल्यावर "काय काय सांगितलंस" असं खोदून विचारू नये. तिने सांगितलेलं डॉक्टर स्वतःकडे ठेवतात, जिवाला धोका असेल तर मात्र घरच्यांना सांगतात, आणि लैंगिक अत्याचाराचं काही निघालं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवावंच लागतं. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगितलं तर ती जास्त मोकळी होतात हा माझा अनुभव.

बागाईतदार_निफाड

मावशी मी निफाड तालुक्यातला, माझं पोरगं १७ चं असताना असंच झालं होतं, त्याचं थोडं वेगळं, त्याला आवाज यायचे, कोणीतरी बागेत उभं आहे म्हणायचा, रात्री टॉर्च घेऊन द्राक्षाच्या ओळीत फिरायचा. गावातल्यांनी देवऋषी सांगितला, दोन वाऱ्या त्याच्याही झाल्या, आईचं मन असतं ना. मग एका पाहुण्याने सांगितलं की ठाणे किंवा येरवड्याला न्या. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं, नाशिकात तसलं नाही, त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला येरवडा म्हटलं की पोटात गोळाच येतो, सोळा-सतरा वर्षांच्या पोराला तिथं कसं टाकायचं.

शेवटी आमच्या डॉक्टरनेच बेंगळुरूला निमहान्सला, म्हणजे केंद्र सरकारच्या मोठ्या मानसोपचार संस्थेत पाठवलं. मनमाडहून कर्नाटक एक्स्प्रेस धरली. तिथं लहान-किशोर मुलांचा विभागच वेगळा आहे आणि आई-बाप सोबत राहतात, राहायलाच लावतात. मला भाषा येत नाही तरी मोडक्यातोडक्या हिंदीत भागलं. तिथल्या बाई पोरासोबत बसायच्या, मग आम्हा दोघांना बसवायच्या, मग सगळ्यांना एकत्र. मला म्हणाल्या बोलताना आवाज खाली ठेवा. मी म्हटलं मी कुठे ओरडतो, तर बायको आणि पोरगं दोघं एकदम माझ्याकडं बघायला लागले.

पण खरं सांगतो मावशी सगळ्यांना बेंगळुरू जमत नाही आणि तुमच्या भाचीला आत्ता इतक्या लांब नेऊ पण नका, आधी नाशिकातच बघा. फक्त एक काम आजच करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, आजीच्या बीपीच्या धरून, कुलपात. आमच्याकडं तर फवारणीची औषधं पत्र्याच्या शेडात उघडी पडलेली असायची, डॉक्टरने पहिल्या भेटीत हेच विचारलं, औषधं कुठं ठेवता. आता लोखंडी पेटी आहे, चावी माझ्या कंबरेला. गावात तुमचं कोणाचं शेत असेल आणि पोरीला हवापालट म्हणून तिकडं पाठवायचा विचार असेल तर हे आधी बघा.

पंचवटीची_मी

मी १६ ची असताना ॲडमिट झालेय, नाशिकमध्येच, कुठे ते सांगत नाही. आता कॉलेजला आहे. सगळे मोठे लोक नियम सांगतायत म्हणून म्हटलं पेशंटच्या बाजूने पण कोणी लिहावं.

पहिली रात्र मला मुलांच्या वॉर्डात ठेवलं होतं. भिंतीवर मिकी माऊस, बाजूला सलाईन लावलेलं दीड वर्षांचं बाळ, आणि खाट एवढी आखूड की माझे पाय बाहेर यायचे. तिथल्या सिस्टर माझ्याशी बोबडं बोलत होत्या, बाळा औषध घेतलं का गं. दुसऱ्या दिवशी मानसोपचारकडे हलवलं, तिथे वेगळी खोली दिली आणि मम्मी सोबत. कायद्याप्रमाणे सगळं बरोबर होतं बहुतेक. पण बाथरूमची कडी काढलेली, टीव्ही बंद, आणि मम्मी दिवसभर माझ्याकडे बघत बसायची आणि फोनवर सगळ्या नातेवाईकांना रडत सांगायची, माझ्यासमोरच, जणू मी तिथे नाहीच. मला त्या खोलीत जास्त गुदमरायचं. संध्याकाळी बाहेर कॅरम असायचा तिथे एक काकू यायच्या, बायपोलर होत्या, त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं की या गोळीने तोंड कोरडं पडतं, घाबरू नकोस, पाण्याची बाटली जवळ ठेव. हे मला तोपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे मोठ्यांपासून वेगळं ठेवा हे बरोबर आहे, रात्री तर नक्कीच, पण वेगळं म्हणजे कोंडून नको ना. आमच्या वयाचं दुसरं कोणी असतं आणि करायला काहीतरी असतं तर किती फरक पडला असता.

मावशी, जायच्या आधी तिला सांगा की साधारण किती दिवस, फोन मिळणार की नाही, मिळाला तर कधी, शाळेत कोणाला काय सांगितलंय. मला म्हणाले होते "फक्त चेकअपला जाऊ" आणि तिथे गेल्यावर बॅग निघाली गाडीच्या डिकीतून. त्याचा राग मला आजाराच्या रागापेक्षा जास्त दिवस पुरला. आणि सोबत कोण थांबणार ते तिला विचारा. तिलाच विचारा.

निवृत्त_सिस्टर

पंचवटीची मी, छान लिहिलंस ग. कायद्यात पण आहे हे, ॲडमिट करताना मुलाची स्वतःची इच्छा काय ते विचारात घ्यायचं. सही पालकाची असते म्हणून मुलाला विचारायचंच नाही असं होऊन बसलंय.

रोखठोक_नाशिककर

मी सगळ्यांचंच चुकीचं असं म्हणत नव्हतो. पण खासगीत बिल किती होतं ते पण सांगा की.

मुंबईतली_रेसिडेंट

बिलाचा मुद्दा योग्य आहे. मेडिक्लेम असेल तर २०१७ च्या कायद्याने विमा कंपनीला मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच कव्हर द्यावं लागतं, पण पॉलिसीत वेटिंग पीरियड असू शकतो आणि हॉस्पिटल त्यांच्या नेटवर्कमध्ये आहे का तेही बघायला लागतं, म्हणून ॲडमिट करायच्या आधीच टीपीएला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी एजन्सी) फोन करा. दाजींच्या कंपनीची ग्रुप पॉलिसी असेल तर तीही काढून बघा. खासगी अजिबात झेपत नसेल तर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी बघा, केसपेपर काढायचा आणि बसायचं, वेळ जातो पण होतं. आणि रात्रीबेरात्री काही वाटलं तर टेलिमानस, १४४१६, सरकारी हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, फुकट. पण जिवाचं काही असेल तर फोनवर बोलत बसू नका, जवळच्या कॅज्युअल्टीला न्या, इमर्जन्सीत कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर घरच्यांच्या संमतीने ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो, वय बसत नाही म्हणून दारातून परत पाठवायचं नसतं.

सिडकोची_मावशी

सगळ्यांचे खूप आभार. अपडेट देते. पंचवटीच्या मुलीने लिहिलेलं मी भाचीला मोबाईलवर वाचायला दिलं, बाकी काही बोलले नाही. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली तू थांब, आई नको, आई रडते. ताईला वाईट वाटलं, साहजिक आहे, पण तिने हो म्हटलं, ती दिवसा डबा घेऊन येणार. डॉक्टरांनी स्वतः फोन करून एका जनरल हॉस्पिटलात वेगळी खोली बघून दिली, ते रोज संध्याकाळी राउंडला येणार आहेत. तिथे मी आधी जाऊन खिडकी आणि बाथरूम दोन्ही बघून आले, सिस्टरना विचारलं, त्या म्हणाल्या रात्री दर तासाला येतो. भाचीने विचारलं स्केचबुक नेलं तर चालेल का, चालेल म्हणाल्या, पेन्सिलीचं शार्पनर तेवढं त्यांच्याकडे ठेवायचं.

दाजींना मंडळाचं आणि डिस्चार्जचं वाचून दाखवलं. अजून गप्पच आहेत पण काल रात्री मेडिक्लेमची फाईल शोधत होते. गोळ्या सगळ्या माझ्या घरी आणून ठेवल्यात. आता एकच अडकलंय, शाळा. दाजी म्हणतात सर्टिफिकेटवर मानसिक लिहून आलं तर संपलं, आणि हजेरी कमी पडली म्हणून १७ नंबरचा फॉर्म भरावा लागेल का असं विचारतायत.

वर्गशिक्षिका_इंदिरानगर

१७ नंबर कशाला, तो बाहेरून बसणाऱ्यांचा. तिचा रेग्युलर फॉर्म शाळेतून भरून झालाच असेल. हजेरी कमी असेल तर वैद्यकीय कारणाने सवलतीचा अर्ज शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, आम्ही दरवर्षी एक-दोन पाठवतो. सर्टिफिकेटवर "वैद्यकीय उपचार चालू, अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत विश्रांती" एवढं पुरतं, आजाराचं नाव शाळेला द्यायची सक्ती नाही, डॉक्टरांना तसं लिहायला सांगा. आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. आणि मार्चला नाहीच जमलं तर पुरवणी परीक्षा असते, त्यावर आत्ता तिच्यासमोर चर्चा करू नका.

वर्गशिक्षकांना मात्र ताईंनी स्वतः भेटून थोडं तरी सांगावं असं मला वाटतं, सगळं नाही, एवढंच की परत आल्यावर पहिल्या दिवशी तिला फळ्यासमोर उभं करू नका आणि मुलींना "कुठे होतीस" विचारू देऊ नका. शाळेत फोन करू नका, फोन शिपाई उचलतो आणि पाच मिनिटांत स्टाफरूमला कळतं. मधल्या सुट्टीनंतर जा, तेव्हा बहुतेक जणांचा एखादा तास ऑफ असतो.